काचेबाहेरचा हात

आधी मेजरांचं सांगतो, मग माझं. मी आज हे लिहायला जिवंत आहे तो त्यांच्यामुळं. पलूसकडचा ऊसवाला माणूस. फौजेत ते गाड्या दुरुस्त करायचे, पण आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. शिरवळच्या वर्कशॉपमध्ये मी नवा होतो, कुणी बोलत नव्हतं, तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी माझ्यापुढं सरकवली. "जतचा व्हय? मंग तिखाट खाशील."

मी आठवीत शाळा सोडलेला. घरी मेंढरं आणि कोरडं रान. अशाला असल्या महागड्या गाड्यांत कोण बसू देतं? मेजरच आमच्या मालकाला म्हणाले, "ह्याचा पाय थरथरत न्हाई. ह्याला बसवा." पाय थरथरत नव्हता हे खरं. बसताना मात्र रोज देवाचं नाव घ्यायचो, अजून घेतो.

आमचं काम स्पोर्ट्स गाड्यांची ताकद मोजायचं. जमिनीत मोठे रोलर बसवलेत. त्यावर गाडीची मागची चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जमिनीला आवळायची आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. गाडी जागची हलत नाही, चाकं मात्र सुसाट पळतात. चाकांपर्यंत किती ताकद पोचली ते काचेच्या केबिनमध्ये इंजिनिअरला कॉम्प्युटरवर दिसतं. ऑटोमॅटिक गाडी त्यात लहरी. जोरात दाबलं की आपल्या मनानं गिअर खाली टाकते आणि माप बिघडतं. म्हणून तिला एकाच गिअरमध्ये धरून ठेवावं लागतं. "क्लच न्हाई ती गाडी कसली रं? खेळणं हाय," असं म्हणत मेजर पट्ट्या आवळायचे.

त्यांचा नियम एकच. ड्रायव्हरची काच खाली पाहिजे. रन, म्हणजे एकदाची मोजणी, संपला की मी हात बाहेर काढून दाखवायचा. हात दिसेपर्यंत ते जागचे हलायचे नाहीत.

त्या दिवशी पुण्याचा एक तरुण ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला. त्यानं आवाज रेकॉर्ड करायला आत मोबाईल लावला. इंजिन गार ठेवायला समोर लावलेल्या पंख्याचा वारा आवाजात येतो, काच वर राहू दे, म्हणाला.

"मंग पोराचा हात कसा दिसायचा?" मेजरांनी विचारलं.

"काका, पाच मिनिटांचं काम. हेडलाईट मारेल की तो!"

आमच्या मालकानं होकाराची मान डोलावली. मेजर माझ्याकडं वाकून म्हणाले, "लाईट इसरू नको गड्या."

आवाजाच्या तक्रारी येतात म्हणून शटर खाली ओढलेलं. दुसऱ्या रनला धूर बाहेर नेणारा पाइप सायलेन्सरवरून निसटला. धूर गाडीत शिरत राहिला, कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला नुसतं डोकं जड वाटलं. बोललो तर परत बसवणार नाहीत, ही धास्ती. तिसऱ्या रनला पाय दाबल्याचं आठवतं. पुढचं मला इंजिनिअरनं सांगितलं.

लाईट लागेना, इंजिनचा आवाजही उतरेना. मेजर ओरडले, तसा इंजिनिअरनं रोलरला ब्रेक लावला. क्लचची गाडी तिथंच झटका खाऊन बंद पडली असती. ही पडली नाही. रोलर थांबले, इंजिन धूर ओकतच राहिलं. आणि दारं लॉक! बांधून ठेवलेल्या त्या गाडीला वाटलं आपण हायवेवर पळतोय, म्हणून तिनं दारं आपणहून लावून घेतलेली. गाडी बटणावर सुरू होणारी, चावी माझ्या खिशात.

"काच फोडू नका! दुसरी चावी आहे माझी, पुण्याला, घरी!" गाडीवाला ओरडला.

"तुमची चावी येस्तोवर पोरगं ऱ्हाईल व्हय?"

मेजरांनी पट्टी आवळायचा लोखंडी दांडा घेतला आणि काचेवर घातला. महागाची दुहेरी काच, खाली गळून पडली नाही, नुसती तडकली. तिला भोक पाडून त्यांनी उजवा हात आत घातला, दार उघडलं, इंजिन बंद केलं आणि मला ओढून बाहेर काढलं.

शुद्धीवर आलो ते साताऱ्याच्या दवाखान्यात, तोंडावर ऑक्सिजन. शेजारच्या खाटेवर मेजर, मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज. बोलता येईना म्हणून मी हात वर केला.

"हां," ते म्हणाले, "आता दिसला."

मनगटातली शीर तुटली होती. जखम भरली, पण बोटं मिटत नाहीत. एका हातानं पट्टी आवळता येत नाही, मालकानं दुसरा माणूस ठेवला. त्या रनचा ग्राफ मात्र चांगला आला होता म्हणे. गाडीवाल्यानं तो मागून नेला.

मी त्याच सीटवर बसतो. दुसरं येतं काय मला? पाइप तीनतीनदा हलवून बघतो. आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, मेंढरामागं ये.

दिवाळीत पलूसला गेलो. अंगणात मेजरांची मोटरसायकल पोतं टाकून उभी होती. त्यांच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही.

"कुणाच्या तरी मागं बसून जावं लागतंय रं," ते डाव्या हातानं घास घेत म्हणाले. "तेवढंच लय लागतं मनाला." मग विचारलं, "काच खाली ठेवतोस न्हवं?"

ठेवतो, मेजर. आणि ऑटोमॅटिक गाडी एका हातानं चालवता येते, हे मला रोज दिसतं. जुनी का असेना, तशी एक गाडी मी एक दिवस तुमच्या दारात आणून लावणार. खेळणं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. चावी तुमच्या डाव्या हातात देईन आणि पहिल्या फेरीला शेजारी बसेन.