झाडलेली जागा

"थांबा, आधी जागा झाडू द्या. मग बसा."

आमच्या वाडीवरून लोहगडवाडीकडे तुम्ही कधी चालत गेला असाल आणि वाटेत कुणाकडे पाणी मागितलं असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. रस्त्याला लागून सारवलेला ओटा आणि ओट्याच्या कडेला मावशी. पदराचं टोक मुठीत धरून त्या वाकायच्या आणि ओट्यावर फटफट मारायच्या. ओटा सकाळीच सारवलेला असायचा, त्यावर धूळ औषधालाही नसायची. तरी फटके मारल्याशिवाय त्यांनी कुणाला टेकू दिलं नाही. पाठीवर सॅक घेतलेली पोरं दमून धपकन बसायला जायची, तर मावशी दंडाला धरून त्यांना उभं करायच्या.

मी त्यांचा शेजारी. खंडाळ्याला रेल्वेत नोकरी केली, निवृत्त झालो आणि लोणावळ्याची भाड्याची खोली सोडून या वाडीत लहानसं घर बांधलं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मावशी पाण्याची कळशी घेऊन आल्या. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवरून त्यांनी पदर फिरवला आणि मला म्हणाल्या, "बसा, भाऊ." खुर्ची नवी कोरी होती. मला जरा रागच आला. मी मुळात चिडका माणूस, त्यात सामान हलवून कंबर मोडलेली. त्या गेल्यावर बायको म्हणाली, "तुमचा चेहराच पाहुण्यासारखा आहे, त्या तरी काय करतील?"

मावशींना नाव होतं, पण ते सातबाऱ्यावर. वाडीत लहानथोर सगळे मावशीच म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला. एक मुलगी, ती नवलाख उंबऱ्याला दिलेली. जावई तिथल्या कंपनीत. मुलगी आईला चल चल म्हणायची. मावशी म्हणायच्या, "तितं समदी फरशी. झाडायचं काय?"

निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवारासाठी त्यांनी ओटा झाडला. तो गेला आणि पाठोपाठ त्याचा विरोधक आला, त्याच्यासाठीही तितकाच झाडला. मी गमतीनं विचारलं, "मत नक्की कुणाला, मावशी?"

"मत येगळं, जागा येगळी," त्या म्हणाल्या. "दारात आलेल्याला का मातीत बसवायचं व्हय?"

मावशींची भाताची खाचरं होती, डोंगराच्या पायथ्याशी एकाखाली एक उतरत गेलेली. मावळातलं भात तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याकडे पाणी कुणाचं एकट्याचं नसतं. ते वरच्याच्या बांधातून खालच्याच्या खाचरात येतं, तिथं थांबतं, भरतं आणि आणखी खाली जातं. मावशींच्या वर एक मोठं रान होतं, त्याच्या मूळ मालकानं ते कधीच एका हॉटेलवाल्याला विकलं होतं. मावशींच्या खाली हमीदभाईंची खाचरं. हमीदभाईंचं फाट्यावर किराणा दुकान, पण दुकानापेक्षा त्यांचा जीव भातात. पावसाळ्यात दुकानाचं दार लोटून ते मावशींच्या बांधावर जाऊन उभे राहायचे आणि पाणी सोडायची आठवण करायचे. मावशी टाचेनं बांधातला चिखल बाजूला सारायच्या. "घ्या. ते काय माझं हाय? वाटंनं चाललंय," असं म्हणायच्या.

मग एक दिवस बातमी आली की, नव्या विकास आराखड्यात आमच्या शिवाराचा रंग बदलला आहे. नकाशात शेतीचा रंग हिरवा असतो. आमच्या पट्ट्यावर निळा आला होता. मी मोबाइलवर नकाशा मोठा करून मावशींना दाखवला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "निळं म्हंजी हितं तळं करणार का वो, भाऊ?"

"तळं नाही, मावशी. निळा म्हणजे व्यापार. हॉटेलं, दुकानं, जे हवं ते बांधता येईल."

"पर मी न्हाई बांधणार."

"तुम्ही नाही हो. वरचा बांधेल."

वरचा बांधणार म्हणजे आधी भराव टाकणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वर भराव पडला की खाली पाणी आलं तर लोंढ्यानं येणार, नाहीतर येणारच नाही. मावशींना जमीन विकायची सक्ती कुणी करत नव्हतं. पण पाणी गेल्यावर त्या खाचरांत त्या करणार काय होत्या? त्यांनी मोबाइल मला परत दिला आणि पदरानं त्याची काच पुसली.

आम्ही हरकत घ्यायचं ठरवलं. बैठका मावशींच्या ओट्यावर. दरवेळी येणाऱ्या प्रत्येकासाठी ओटा झाडला जायचा, त्यामुळे बैठक सुरू व्हायलाच उशीर व्हायचा. हमीदभाई शेवटी वैतागून म्हणाले, "मावशी, आता आमी उभ्यानंच बोलतो."

सुनावणीला आम्ही गाडी करून गेलो. कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळत बसलो, दुपार उलटली तेव्हा आत बोलावलं. साहेब तरुण होते आणि सभ्य होते, हे मला सांगितलंच पाहिजे. राग धरावा असं त्यांच्यात काही नव्हतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी पाण्याचं सगळं समजावून सांगायला लागलो, तर ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, "जागा प्रत्यक्ष शेतीखाली आहे का, एवढंच आम्हाला पाहायचंय. आम्ही स्थळपाहणीला येऊ."

येताना गाडीत मावशी भलत्याच खुशीत होत्या. "सायेब सोता येणार," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "डोळ्यांनी बघितल्यावर कोन न्हाई म्हनंल?"

पाहणी उन्हाळ्यात आली. भाताचं रान उन्हाळ्यात मोकळंच असतं. पीक दिवाळीला निघालेलं, खाचरं उन्हात तापत पडलेली. शेती चालू आहे असं सांगणाऱ्या दोनच गोष्टी तेव्हा रानात असतात. एक बांध आणि दुसरा राब. रोपं टाकायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या डहाळ्या असे थर पसरायचे आणि पेटवून माती भाजायची, तो राब. मावशींनी शेण आणि कवळाचे, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचे, भारे रानात आणून टाकले होते, भाजणी व्हायची होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी सकाळी बाहेर आलो, तर मावशी आणि वाडीतल्या बायका रानात खराटे घेऊन वाकलेल्या. राबाचे ढीग उचलून गोठ्यामागे नेले होते.

"मावशी, हे कशाला?"

"सायबास्नी श्यान दाखवायचं व्हय?" त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पाव्हणं येणार, भाऊ. घाण नको."

भाताची वाळलेली सडं उपटली. ढेकळं फोडून जमीन सारखी केली, वर पाणी शिंपडलं. गणेश मंडळाच्या खुर्च्या आणल्या, ताडपत्री बांधली. साहेबांना रस्त्यावर गाड्या सोडून उन्हात चालत यायला लागू नये म्हणून हमीदभाईंनी आणि चारचौघांनी मिळून रस्त्याकडचा बांध गाडीच्या रुंदीएवढा फोडला. आपला बांध फोडताना मावशी शेजारी उभ्या होत्या. "आवणीच्या आदी परत घालू," त्या म्हणाल्या, म्हणजे भातलावणीच्या आधी. आम्हा कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पाहुणा येणार तर आपण घर आवरतो, तसंच हे. मीसुद्धा खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी ते रान इतकं नेटकं दिसत होतं की, मावशी बांधावर बसून बघत राहिल्या.

साहेब आले. गाड्या सरळ खाचरात शिरल्या आणि ताडपत्रीशेजारी थांबल्या. मावशींनी प्रत्येक खुर्चीवरून पदर फिरवला. पोहे झाले, चहा झाला. मग साहेबांनी रुमालानं हात पुसले आणि इकडे तिकडे बघत विचारलं, "शेती कुठे आहे तुमची?"

"हीच की," मावशी म्हणाल्या. "तुमी उभं हाय तितंच."

साहेबांनी खाली बघितलं. सगळे आपल्या पायाखाली बघायला लागले. हमीदभाई पुढे झाले. "साहेब, भात पावसाळ्यातलं. आत्ता रान रिकामंच असतंय. हितं राब असतो, आमी काल उचलला. हितं बांध होता—"

"होता म्हणजे?"

"तुमच्या गाडीसाठी काढला."

साहेब कसनुसं हसले. त्यांना आमची कीव आली असावी. त्यांच्याबरोबरच्या माणसानं चारी बाजूंनी फोटो काढले. मला त्या क्षणी सगळं कळलं. पण आता धावत जाऊन गोठ्यामागचं शेण आणायचं आणि रानात पसरायचं, असं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी पाहुण्यांसमोर ते कोण करणार होतं? मावशी सगळ्यांना पुन्हा चहा घ्या म्हणत होत्या.

निकाल ऐकायला मी आणि हमीदभाई गेलो. कारकुनानं पाहणीचा शेरा वाचून दाखवला. जागा सपाट आणि मोकळी, पीक किंवा मशागत आढळली नाही, वाहने थेट आत जाऊ शकतात. हरकत फेटाळली. एकही गोष्ट खोटी नव्हती. सगळी आमच्याच हातची होती.

हमीदभाई परतीच्या वाटेत एवढंच म्हणाले, "मावशीला तुमी सांगा. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

मी ओट्याशी गेलो. मावशींनी जागा झाडली, मी बसलो, आणि शेरा सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला.

"म्हंजी आमी झाडलं म्हून?"

"सगळ्यांनीच झाडलं, मावशी. मी खुर्च्या मांडल्या."

"व्हय. पर झाडा म्हून सांगितलं कुनी?"

रस्त्यानं शनिवारच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचे हॉर्न वाजत होते. मावशी त्यांच्याकडे बघत होत्या.

त्यानंतर आम्ही पुष्कळ धडपड केली. अर्ज केले, ओळखी काढल्या, वरच्या कचेरीत खेटे घातले. सगळीकडे आम्हाला बसायला खुर्ची मिळाली आणि सगळीकडे उत्तर एकच, नियमात आहे. वरच्या रानात मुरमाचे डंपर यायला लागले. मावशींनी मात्र आपला बांध परत घातला, राब भाजला, रोपं टाकली. आवणीला सगळी वाडी सावडीनं, एकमेकांच्या कामाला हात लावायच्या रीतीनं, त्यांच्या रानात उतरली, हमीदभाईसुद्धा. रोपं टरारून उभी राहिली आणि आठवड्याच्या आत वरचा मुरूम पाण्याबरोबर घसरून त्यांच्या वरच्या खाचरांत पसरला. आम्ही घमेल्यांनी उपसला. पुढच्या सरीला पुन्हा आला. पुन्हा उपसला. तिसऱ्यांदा मुरूम आला तेव्हा मावशीच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. हात भरून आलं असतील तुमचं." हमीदभाई रिकामं घमेलं धरून तसेच बांधावर उभे राहिले. त्यांच्या खाचरांत त्या वर्षी पाणी साठलंच नाही.

दिवाळी झाली. कापणीचे दिवस, पण मावशींच्या वरच्या खाचरांत कापायला काही नव्हतं. मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. डंपर आता दिवसभर चालू असायचे, त्यांची तांबडी धूळ रस्त्याकडच्या झाडांवर, कौलांवर, सगळीकडे बसली होती. ओट्यावरही बसली होती. इतकी की मांजराच्या पायांचे ठसे त्यात उमटलेले.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सवयीनं ओट्याशी उभा राहिलो. त्यांचा हात पदराकडे गेला. टोक मुठीत आलं. मग त्यांनी ते सोडलं आणि पदर कंबरेला खोचला.

"बसा तसंच, भाऊ."

"मी झाडतो," असं म्हणून मी खिशातला रुमाल काढला.

"नगा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "झाडल्याली जागा लोकांस्नी रिकामी वाटती."

मी रुमाल खिशात ठेवला आणि धुळीत बसलो. आम्ही दोघं वरच्या रानात चाललेलं काम बघत राहिलो. त्यांनी चहा केला, मी प्यालो. मुलीकडे कधी जाणार, ते मी विचारलं नाही आणि त्याही बोलल्या नाहीत.

घरी आलो तर बायकोचं लक्ष माझ्या पांढऱ्या लेंग्याकडे गेलं. मागे सगळा तांबडा झाला होता.

"कुठे बसून आलात?" तिनं विचारलं.

"मावशींकडे," मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला नाही.