लाल फुली मारलेला फोन

आमच्या गल्लीत एखाद्या वस्तूवर लाल फुली दिसली, की ती कुणी मारली हे विचारावं लागायचं नाही. गळक्या बादलीवर फुली, कुजक्या फळीवर फुली, नवीन बसवलेल्या आणि लगेच ठिबकायला लागलेल्या नळावर फुली. एकदा माझ्या दारातल्या पाटावर फुली निघाली, कारण त्याचा एक पाय हलत होता. मी भांडायला गेले, तर म्हणाला, "आक्का, पडल्यावर शिव्या दिल्या असत्या. आधी देताय, हे बरं हाय की."

त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. लहानथोर सगळे फुलीचाचा म्हणत. मी वयाने मोठी, पण मीही चाचाच म्हणायचे आणि अरेतुरे करायचे.

त्याचं आयुष्य शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेलं. ओतलेले लोखंडी नग घासायचे आणि तपासायचे, हे त्याचं काम. नगात खोट दिसली की त्यावर लाल ऑइलपेंटने फुली मारायची. मग तो नग चांगल्या मालात मिसळत नाही, पुन्हा भट्टीत जातो. फुली एकदा पडली की मालकही पुसत नसे, असं तो मोठ्या मानाने सांगायचा. काही ठिकाणी नगातल्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वरून रंग देऊन माल पाठवतात. चाचाने ते कधी केलं नाही. "बुजवलेलं भोक जाग्यावरच ऱ्हातंय आक्का," तो म्हणायचा. "गिऱ्हाइकाच्या गाडीत जाऊन उघडतंय."

या कामाने त्याला पगार दिला आणि त्याचे कान घेतले. घासायच्या मशिनीच्या आवाजात तो हळूहळू ठार बहिरा झाला. कानाचं यंत्र लावून बघितलं, त्यात नुसती घरघर यायची. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. गल्लीतले लोक त्याच्या कानाशी जाऊन ओरडायचे, म्हणजे ओठ दिसायचे नाहीत आणि ऐकूही जायचं नाही. माझा जन्म मिरची कांडपाच्या डंकाशेजारी गेला. तिथे ओरडून भागत नाही, तोंड समोर धरून एकेक शब्द सुटा करावा लागतो. म्हणून त्याचं नि माझं जमायचं.

बायको आधीच गेलेली. एकच मुलगी, शमा. ती नर्स होऊन आखातात गेली. बहिऱ्या माणसाला साध्या फोनचा काय उपयोग? शमाला बघता यावं म्हणून त्याने हप्त्यावर मोठा फोन घेतला. दर शुक्रवारी नमाज पढून आला की माझ्या पायरीवर बसायचा आणि फोन डोळ्यांसमोर धरायचा. शमा तिकडून एकेक शब्द सुटा करून बोलायची, हा इकडून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायचा. तिने काय खाल्लं, ड्यूटी कुठली लागली, सगळं आम्हाला पाठ.

थोड्याच दिवसांत फोनला खोड लागली. बोलणं सुरू झालं की काही वेळाने पडदा काळा व्हायचा. आवाज मात्र चालू राहायचा. दुसऱ्या कुणाचं त्यात काही अडलं नसतं. चाचाचं सगळंच अडलं. मग फोन मी कानाला लावायचे आणि शमा बोलेल ते त्याच्याकडे तोंड करून बोलायचे. "अब्बा, तुम्ही वाळलाय," हे मी म्हणायचं. "मला घरची आठवण येतेय," हेही मीच म्हणायचं. माझ्या तोंडाला ते शोभत नव्हतं, पण दुसरं कोण होतं?

एकदा त्याने मला विचारलं, "पोरगी रडायलीया काय?"

"व्हय," मी म्हणाले.

"कशाला सांगितलंसा?"

"तू कशाला विचारलंस?"

त्याने फोन घेतला आणि काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत बसला.

फोन दुकानात गेला, दुरुस्त होऊन आला. पुन्हा काळा झाला, पुन्हा गेला. दर वेळी नवीन कारण. कधी आतली प्रणाली जुनी झाली, कधी उन्हात ठेवला असेल, कधी तुम्हाला वापरता येत नाही. चाचा म्हणाला, बदलून द्या. दुकानदार म्हणाला, आम्ही नुसते विकणारे, कंपनीला विचारा. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो, तर तिथली मुलगी म्हणाली, बदलून देत नाही, दुरुस्तच होतो. मी ते त्याला ओठांनी सांगितलं. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "म्हंजे लांबीच भरायची म्हणा की." त्या मुलीला काही कळलं नाही.

यानंतर त्याने जे केलं, ते फाउंड्रीतल्या माणसालाच सुचेल. घरी आला, ऑइलपेंटचा डबा उघडला आणि फोनच्या पाठीवर ठसठशीत लाल फुली मारली. मग तो फोन नेऊन दुकानदाराच्या काउंटरवर ठेवला. खोटा नग परत आला, आता बिल बंद, हा त्याचा हिशेब. त्यांच्या कामात तसंच चालायचं. फुली मारली नसती तर हाच फोन पुसूनबिसून दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारला असता, असं त्याचं म्हणणं. हप्ते त्याने त्याच दिवशी थांबवले.

दुकानदाराने फोन हातात घेतला, उलटा केला आणि हसला. रंग कडेच्या भोकांत उतरला होता. गिऱ्हाइकानेच फोन खराब केला, आता वॉरंटी नाही, म्हणाला. फोन पुन्हा चाचाच्या हातात आला. हप्ते थकल्यावर कर्ज देणाऱ्यांनी तो कुठूनतरी बंद करून टाकला. पडद्यावर नुसती हप्ता भरायची सूचना. आधी चेहरा थोडा वेळ तरी दिसायचा, आता तोही गेला.

मी त्याला एका वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तुमचं म्हणणं खरं आहे. तोच बिघाड दुरुस्तीनंतरही परत परत येत असेल, तर फोन बदलून मागायचा, नाहीतर पैसे परत मागायचा हक्क आहे. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात स्वतःलाही तक्रार करता येते. पण कर्ज देणारा वेगळा आणि फोन विकणारा वेगळा. भांडण चालू असलं तरी हप्ता स्वतःच्या मनाने थांबवायचा नसतो. आणि वस्तूला हात लावायचा नसतो, ती आहे तशी दाखवायची असते. "चाचा, ही फुली कशाला मारलीत?" असं त्यांनी विचारलं. मी ते त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "खोट्याला फुली मारत न्हाईत, तर मग कशाला मारत्यात?"

हप्ते त्याने भरून टाकले, कर्जवाल्यांनी फोनला घातलेलं कुलूपही निघालं, पण तोवर रंगाने की कशाने, फोन पुरता मेला होता. तक्रार दाखल झाली. तारखा पडायला लागल्या. कंपनीचा वकील दर वेळी त्या लाल फुलीचा फोटो पुढे करायचा. दुरुस्ती केंद्राच्या पावत्या रंगाच्या आधीच्या आहेत, हे आमच्या बाई सांगायच्या. मी चाचाच्या समोर बसून जमेल तेवढं ओठांनी सांगायचे. तारीख पुढे गेली, हे मात्र सांगावं लागायचं नाही. लोक उठायला लागले की तो समजायचा.

शमा म्हणाली, दुसरा फोन पाठवते. तो नको म्हणाला. गल्लीत कुणाच्याही फोनवर बघ म्हटलं, तेही नको. मी त्याला खूप बोलले. अरे, फोन जाऊ दे खड्ड्यात, पोरीचं तोंड बघ. तर म्हणाला, "दुसरा घेतला तर ह्यो पास झाला म्हणायचा. जन्मात खोटा नग पास केला न्हाय मी." हट्टी माणूस. मला त्याचा तेव्हाही राग आला होता आणि अजून आहे. ती फुली खरी होती, म्हणून शहाणपणाची होती असं नाही.

मग शुक्रवारी शमा माझ्या बटणाच्या फोनवर बोलायची आणि तो माझ्या ओठांकडे बघायचा. असा पावसाळा गेला, हिवाळा आला. शेवटच्या शुक्रवारी त्याला धाप लागत होती. शमा म्हणाली, अब्बा, ईदला येते. मी ते सांगितलं. तो म्हणाला, "परत सांगा आक्का." मी परत सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्याला काही सांगता येत नसे, म्हणून मी गप्प बसले.

तो गेला त्याच दिवशी माती दिली. शमा पोचली तेव्हा कबरीवरची माती वाळली होती. तिला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याला तर तिचं कधीपासूनच मिळालं नव्हतं.

तक्रारीवर शमाचं नाव लागलं. पुढे निकाल आला. बिघाड रंगाच्या आधीपासूनचा आहे, फोन बदलून द्यावा, असा. गल्लीतले लोक म्हणाले, चाचा जिंकला. जिंकलेला माणूस कबरीत असतो होय?

नवा फोन शमाने माझ्याकडेच ठेवला. शुक्रवारी ती त्यावर दिसते. चाचासारखीच रुंद हनुवटी आहे तिची. इतके दिवस नुसता आवाज ऐकून मी ते विसरूनच गेले होते. फोन चांगला आहे. कितीही वेळ बोललं तरी चेहरा जात नाही.

परवा ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "आक्का, मी बोलताना तुम्ही ओठ का हलवताय?"

मी म्हणाले, "तू बोल."