मजुरीतला तांदूळ

नानांनी तांदूळ माझ्या पदरात वरून ओतला. हात लांब धरून.

"हाई आम्हना घर कोनी खातस नही. तुमले चालस."

नाना आमच्या साक्रीकडच्या गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या भातखाचरांच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. तिचं पाणी खाचरात उतरलं. तपासणीत मातीत शिसं निघालं, तांदळातही निघालं. व्यापाऱ्यानं माल परत धाडला. मग वरची माती खरवडून पोत्यात भरायचं काम निघालं. काम कोणाला? बौद्धवाडीतल्या आम्हा बायांना! कामावर देखरेखीला आलेल्या सरकारी साहेबांच्या हाताला मोजे, तोंडाला पट्टी. आम्ही अनवाणी चिखलात. इकडं भाताच्या कामाची मजुरी धान्यातच देतात. म्हणून याही कामाला तोच तांदूळ.

घरात पीठ संपलेलं. पोरगी कालपासून भात मागत होती.

मी साहेबाला विचारलं, "साहेब, हा लेकराला घातला तर चालंल का?"

मोबाईलमधून मान न काढता तो म्हणाला, "अहो, तुम्हा लोकांना सवय असते."

सवय! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. विष आम्हाला काय आईच्या दुधातून मिळालं? सकाळी यानंच बजावलं होतं, या शेतातून निघेल ते सगळं पोत्यात, तोंड शिवून. मी मातीच्या पोत्यापाशी गेले. पदर सोडला.

"हाई बी याच वावरमाईन निंघेल शे," मी म्हटलं. "नाना, खावानं व्हई ते पहिले तुम्हना घर रांधा."

"माज उना का? आते कामले येऊ नको!"

शेजारच्या अक्कानं आपला पदर घट्ट आवळून धरला. तिच्याही घरी खाणारी तोंडं आहेत, तिला काय बोलू?

घरी सासूनं शिव्या घातल्या नि मग रडत बसली. पोरगी गुळाचं पाणी पिऊन भात-भात करत झोपली. मला बघवेना. खरं सांगते, परत जाऊन त्या पोत्यातला तांदूळ वेचून आणावा असंही वाटलं. भूक फार वाईट.

नाही गेले.

उद्या जाणार आहे. कामाला नाही. तांदूळ वाटायच्या वेळी बायांच्या पुढं उभी राहणार. अक्का येवो न येवो. मजुरी रोख द्या, हाताला मोजे द्या, नाहीतर ती माती तुमची तुम्ही खरवडा. माझ्या लेकराच्या ताटात ती येणार नाही.