साहेबांनी बुजगावणं निवडलं

घरात तिला सगळे मंत्रीणबाई म्हणायचे. सार्वजनिक धोरण हा विषय घेऊन ती एम. ए. झाली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "म्हणजे नक्की कोण झालीस? वकील?" सरकारनं काय करावं हे सरकारला सांगायचं, असं तिनं समजावलं. "आणि सरकार ऐकतं?" एवढं विचारून काकू भाजी निवडायला लागल्या.

ऐकायला लावायचं कसं, हेच तर त्या एम. ए.ला शिकवत. साहेबापुढे एक उपाय कधी ठेवायचा नाही, तीन ठेवायचे. पहिला, आहे तसं चालू द्या. तिसरा असा, की वाचूनच धडकी भरावी. मग साहेब मधल्यावर बोट ठेवतो, आणि आपल्याला हवा असतो तोच. तिसऱ्याला वर्गात बुजगावणं म्हणत. मात्र ते हुबेहूब हवं, नाहीतर साहेबाला वास येतो.

शहराच्या बस खात्यात ती करारावर लागली. करार संपत आला होता, आणि वाढवायचा की नाही हे मोठ्या साहेबांच्या हातात होतं. तोटा कमी करण्याचं टिपण तिनं जीव ओतून लिहिलं. मधला उपाय तिचा लाडका: दुपारच्या रिकाम्या फेऱ्यांना छोट्या गाड्या. बुजगावणं म्हणून तिनं टेकडीवरच्या वस्तीची बस घेतली, पार बंद करून टाकायची. त्याच बसनं तिची थोरली बहीण पहाटे इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जायची. ती बस बंद होणं शक्यच नाही, अशी हिची खात्री. म्हणून तर निवडली.

बैठकीत मोठ्या साहेबांनी टिपण वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तिसरा," ते म्हणाले. "छान मांडलाय."

 हुबेहूब करण्याच्या नादात वाचणारं डिझेल, मोकळे होणारे चालक असं सगळं तिनं नटवून लिहिलं होतं. कामाला मुकणारी माणसं एका ओळीत उरकली होती. शहाणपण अंगाशी येतं ते असं. शेजारी बसलेल्या वरिष्ठ बाई तिच्याच विद्यापीठात शिकलेल्या. त्यांना तिसरा म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. त्या ओठ न हलवता पुटपुटल्या, "गप्प बस. करार व्हायचाय तुझा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.  ती उठून उभी राहिली.

"साहेब, तो निवडायचा नाहीये."

"म्हणजे?"

"तो फक्त दाखवायला लिहिलाय. तुम्ही दुसरा घ्यावा म्हणून."

साहेबांनी टोपण परत लावलं. मग त्यांची नजर वरिष्ठ बाईंवर गेली आणि तिथंच थांबली. "गेली इतकी वर्षं मी मधलाच निवडत आलोय," ते हळूच म्हणाले. बाईंनी मान खाली घातली.

त्यांनी टिपण तिच्याकडे सरकवलं. "एकच उपाय लिहून आणा. खाली तुमची सही. कराराचं नंतर बघू."

नंतर बघू म्हणजे काय, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तिनं लिहिलं, सही केली.  टेकडीची बस तेवढी वाचली.

संध्याकाळी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. हिनं सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही.

"तुला बुजगावणं करायला माझीच बस सापडली?" ताई म्हणाली.

"पण मी बोलले ना, ताई. नोकरीवर पाणी सोडून बोलले."

"बोललीस." ताईनं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. "दुसऱ्या कोणाची बस असती, तर बोलली असतीस?"

मंत्रीणबाई चादर धरून उभ्या राहिल्या.