घाटात केलेली अण्णांची नक्कल

मी देवाचीपण नक्कल करायचो, हे आधीच कबूल करतो. खुलताबादचा भद्रा मारुती झोपलेला आहे. मी घरात तसाच आडवा व्हायचो अन् म्हणायचो, "नवस नंतर बोला, आत्ताच डोळा लागलाय." आई लाटणं घेऊन मागं लागायची. अण्णा म्हणजे माझे वडील, ते मात्र हसायचे नाहीत. ते लासूर स्टेशनच्या बाजारात धान्य मोजायचे. मला शेंद्र्याच्या कंपनीत काम लागलं तर श्रावणातल्या शनिवारी शहरातून खुलताबादला पायी येईन, असा नवस ते बोलले होते. काम लागलं. मी म्हणलो, "मुलाखत मी दिली, अन् पाया पडायचं झोपलेल्याच्या?" तरी त्यांच्यासंगं निघालो.

दौलताबादच्या पुढं घाट लागला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. चढावर अण्णा सारखे थांबायचे. चप्पल नीट करायचं सोंग, मूठ छातीवर, मान जराशी डावीकडं, अन् हळूच "हूं". दोन-तीन मिनिटांत परत चालू. "गॅस झालाय," म्हणायचे. घरी जिना चढतानाही त्यांचं असंच चालायचं. गॅससाठी कोण दवाखान्यात जातं?

घाट संपला तिथं एक म्हातारे चाचा पायी येणाऱ्यांना सरबत पाजत होते. अण्णा लांब झाडाखाली जाऊन बसले, एकदम ठणठणीत. संगतीची पोरं म्हणाली, "होऊ दे की एखादी." मी कंडक्टर केला, हेडमास्तर केले, अन् मग अण्णा केले. चप्पल, मूठ, मान, "हूं". लई हसले सगळे.

चाचा हसले नाहीत. "फिरसे कर," म्हणाले. मी खूश होऊन परत केली.

"कौन हैं ये?"

"आमचे अण्णा."

"सिर्फ चढाव पे होता? रुके तो जाता?"

"व्हय."

"ये गर्दन कायकू टेढी?"

मलाच नीट म्हाईत नव्हतं. मी परत वाकलो, अन् माझा हात आपोआप जबड्यावर गेला. अण्णा जबडा चोळायचे! मी रोज बघायचो, पण ते मला दिसलं आत्ता, माझ्याच हातात.

चाचांनी ग्लास खाली ठेवला. "बेटा, उमर भर दिल के वॉर्ड में ट्रॉली ढकेला मैं. ये गॅस नक्को समझ. भतीजे की जीप है, सीधा दवाखाने लेके जा."

अण्णा ऐकेनात. "नवस अर्धा टाकून? नाय जमायचं."

चाचा म्हणाले, "अरे भाई, मारुती कहाँ भाग जारा? लेटेला है ना!"

माझाच विनोद! पण चाचांच्या तोंडून तो ऐकला अन् अण्णा हसले. हसत हसत जीपमध्ये बसले.

दवाखान्यात तपासण्या झाल्या, मग हातातून बारीक नळी घालून हृदयाचं चित्र काढलं. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. आमच्या घरात छाती फाडून राम दाखवणाऱ्या मारुतीची तसबीर आहे. इथं काहीच न फाडता अण्णांच्या छातीत एक झाड दिसत होतं, दर ठोक्याला थरथरणारं. एक फांदी मधेच बारीक झालेली.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाची रक्तनळी आतून चरबीनं अरुंद झालीये. बसल्यावर रक्त पुरतं, चढावर कमी पडतं, म्हणून कळ येते. वेळेवर आलात. सगळ्यांचं सारखं नसतं, पण यांना आत्ता ऑपरेशन नको." रक्त पातळ ठेवायची गोळी, चरबीची गोळी, ठोके आवरायची गोळी. कळ आली तर जिभेखाली ठेवायची वेगळी, अन् तरी थांबली नाही तर तडक दवाखाना. तंबाखू बंद, तेल-मीठ कमी, सपाटीवर रोज चालणं. "अन् बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत," हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. अण्णांनी तंबाखूची डबी आईच्या हातात दिली, तेव्हा त्यांचा चेहरा सासरी निघालेल्या पोरीसारखा झाला होता.

ती नक्कल मला कुणी सुचवली, म्हाईत नाय. मी हसवायला उभा राहिलो होतो, सांगणारा कुणी दुसराच होता. तेव्हापासून मी त्या झोपलेल्याशी हुज्जत घालत नाही. तो जेवढं करायला लावतो तेवढं करतो.

यंदा श्रावणात डॉक्टरांना विचारून घाट जीपनं चढलो. चाचांकडं बिनसाखरेचं सरबत पिलो. पुढचा सपाट रस्ता अण्णा चालले. मी मागून त्यांच्या चपलेकडं बघत होतो. एकदाही वाकले नाहीत.

मूर्तीपुढं पोचलो. मी सपशेल आडवा झालो अन् उठायचं सुचेना.

मागून अण्णा म्हणाले, "ऊठ रे, बास झाली नक्कल."