पाण्याकडच्या व्हरांड्यातली पंगत

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. काचेखाली दिसतं ते आहे आणि दिसत नाही ते नाही, इतका साधा हिशोब. असे अनुभव मी वाचायचे ते दुपारच्या चहाबरोबर, हसायला. तेव्हा आता कुणाला माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा... माझी पाळी आहे.

माझा नवरा विलास कंपनीतून रिटायर झाला आणि त्याने 'तिकडे' जायचं काढलं. तिकडे म्हणजे खानदेशात. माझी ना नव्हती. धुळ्याला देवपुरात मी एक फ्लॅट बघून ठेवला होता. बहीण दोन गल्ल्या पलीकडे, दवाखाना चालत जाण्यासारखा, भाजीवाली दारात. विलासने मोबाईलवर भलतंच शोधून ठेवलं होतं — धरणाच्या पाण्याला लागून प्लॉट, तयार घर, स्वतःचा धक्का, बोटीची सोय.

"तुम्हाला बोट चालवता येते?" मी विचारलं.

"शिकेन."

"आणि तुमच्या छातीत दुखलं तर? बोटीने नेऊ दवाखान्यात?"

त्याची एक अँजिओप्लास्टी झालेली आहे, हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण त्या पाण्याखाली त्याचं गाव आहे. तो कॉलेजात असताना धरण झालं, गाव उठलं. वर माळावर नवं गावठाण दिलं, तिथे यांचे भाऊबंद फारसे टिकले नाहीत. कुणी दोंडाईचाला गेलं, कुणी फैजपूरकडे केळीत, कुणी सुरतेला. विलासच्या डोक्यात एकच होतं, की गावाच्या डोक्यावर घर घेतलं की पांगलेलं कूळ पुन्हा एका पंगतीला बसेल. माणूस पोटातून इतकं काही मागत असला की बायकोने किती नाही म्हणायचं?

धुळ्याहून दोंडाईचाच्या रस्त्याने निघालं की वाटेत एक फाटा लागतो, तिथून आत. धरणाचं नाव मुद्दाम देत नाही. घर पूर्वेकडे तोंड करून आहे, मागचा व्हरांडा पाण्याकडे. व्हरांड्याला खालपासून वरपर्यंत ग्रील आणि त्याला बाहेरून कुलूप. चार पायऱ्या उतरलं की सिमेंटचा धक्का, धक्क्यात लोखंडी कडी, कडीला बोट. प्लॉट दाखवणारा मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला होता, "काकू, तुमचे पाहुणे थेट पाण्यातून दारात येतील." उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की बोट भेगाळलेल्या गाळात तिरकी पडून होती आणि पाहुणा म्हणून एक रेडा येऊन तिला अंग घासून गेला.

घरात आम्ही तिघं. मी, विलास आणि आबा — विलासचे चुलते. आबांना मूलबाळ नाही. पुतण्यांकडे आळीपाळीने राहायचे. दोंडाईचाच्या नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, त्यांना 'पंधरा दिवसांसाठी' आमच्याकडे आणून सोडलं ते आजतागायत कुणी न्यायला आलं नाही. आबांना विसरायला होत होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण बुडालेल्या गावात कुणाच्या दारात कसलं झाड होतं ते घडाघडा सांगत.

श्रावण आला आणि विलासने जाहीर केलं, यंदा कानबाई आपल्याकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, लुगडं... तिला देवी म्हणून बसवायचं आणि सोमवारी सकाळी नदीवर न्यायचं. तिचे रोट असतात, म्हणजे नैवेद्याचं जेवण. रोटाचे गहू मुठीने मोजतात. आमच्या घराण्यात कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या आणि त्याच्या बायकोच्या नावाने एकेक मूठ. त्याच गव्हाच्या पुरणपोळ्या, खीर, जोडीला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचं. शेजाऱ्याला द्यायचं नाही, कुत्र्याला घालायचं नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणात खड्डा करून त्यात ओतायचं. आणि लग्न झालेल्या लेकीला ते चालत नाही. ती परक्या कुळाची.

आम्हाला एकुलती एक लेक आहे. शीतल. पुण्याला असते.

विलासने सगळ्यांना फोन केले, ग्रुपवर आमंत्रण टाकलं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. कोण येणार हे मात्र कुणी लिहीना. शनिवारी गहू मोजायचे होते. घरातल्या थोर माणसाने मोजायचे म्हणून आबांना पाटावर बसवलं. मी पाणी तापवायला आत गेले आणि परत येऊन बघते तर डबा काठोकाठ भरत आलेला. आबा डोळे मिटून एकेक नाव घेत होते, एकेक मूठ टाकत होते. झिपरू... सुकदेव... नथू... दौलत... आनंदा...

"आबा, हे कोण?"

"आपलाच शेतस ना बठ्ठा," आबा म्हणाले. सगळे आपलेच.

विलास पांढराफटक पडला. ती सगळी नावं त्याच्या आजोबांची, चुलत आजोबांची, काकांची होती. एकही जिवंत नाही. सगळ्यांची राख त्या जुन्या गावच्या घाटावर गेलेली, आणि घाट पाण्याखाली. मी डब्यातले जास्तीचे गहू काढायला हात घातला तर आबांनी माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"टाकेल मूठ काढतस नही, बेटा."

टाकलेली मूठ काढायची नाही, नियम तसाच आहे. मग काय... सगळे गहू दळले.

रविवारी सकाळी शीतल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने प्रवास करून आली. अंघोळ केली आणि लगेच केळीचे खांब बांधायला उभी राहिली. एकेक फोन यायला लागला. फैजपूरच्या पुतण्याची केळी भरायला ट्रक लागला होता. सुरतेच्यांना रिझर्वेशन मिळालं नव्हतं. दोंडाईचाच्या नानांचे गुडघे दुखत होते. दोंडाईचा आमच्यापासून इतकं जवळ आहे की तिथला दही विकणारा मोटरसायकलने येतो. विलास फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "नाना, गाडी पाठवतो ना मी." शेवटी नानांनी खरं काय ते सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता.

"राग धरू नको विलास. पन तुले पोऱ्या नही. तुन्हा मांगे कानबाई कोन बसाडी? तठे रोट खावाले आम्ही कसं येवानं?"

आम्हाला मुलगा नाही, म्हणून आमचे रोट नकोत. शीतल खांबाला सुतळी बांधत होती. तिने गाठ मारली, ओढून बघितली आणि दुसरी गाठ मारायला घेतली. मी त्या फोनवर काय बोलायला हवं होतं ते मला नंतर किती दिवस सुचत राहिलं. विलासने फोन ठेवला आणि बोटीतलं पावसाचं पाणी उपसायला निघून गेला.

रात्रीची गाणी म्हणायला बायका नव्हत्या, मोबाईलवर लावली. सोमवारी सकाळी शेजारच्या वस्तीवरच्या कुणालाही न बोलावता मी एकटीने सगळा स्वयंपाक केला. शीतल मदतीला येत होती, पण रोटाच्या पिठाला तिचा हात चालत नाही. तिने स्वतःसाठी बाजूच्या शेगडीवर वेगळ्या पिठाची भाकरी टाकली. आमच्यात जितक्या मुठी तितकी ताटं वाढून ठेवायची, मग कानबाईला पाण्यावर न्यायचं आणि आल्यावर पंगत बसवायची, अशी रीत आहे. मी म्हटलं, तीनच वाढू. आबा ऐकेनात. मग व्हरांड्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताटं वाढली. रिकाम्या पाटांसमोर गरम पुरणपोळ्या वाढताना मला रडू नाही आलं, राग आला. जिवंत माणसांचा आला, खोटं कशाला सांगू.

ग्रीलला कुलूप मी लावलं. किल्ली कमरेला खोचली. विलासने वल्ही घेतली, डोक्यावर कानबाई घेऊन शीतल बसली, आबांना आम्ही दोघींनी धरून उतरवलं. इतके पैसे घातलेल्या त्या बोटीचा पहिला आणि खरा उपयोग हाच. ऊन लख्ख होतं. धरण भरलेलं होतं. विलासने गाव जिथे असावं तिथपर्यंत बोट नेली, आरती झाली, कानबाईला पाण्यात सोडलं. आबा बोटीच्या कडेवरून वाकून पाण्यात बघत बसले आणि स्वतःशीच हसले. तिथून आमचा व्हरांडा समोर दिसत होता. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण कुणीतरी उशिरा का होईना येईल म्हणून आम्ही तिघंही सारखं तिकडेच बघत होतो.

परत आलो. कुलूप जसंच्या तसं. मी उघडलं आणि पहिल्यांदा वास आला. गाळाचा.

सगळी ताटं संपलेली होती. चाटूनपुसून. माझं, विलासचं आणि आबांचं अशी तीन तेवढी हात न लावलेली. आणि प्रत्येक रिकाम्या ताटात पाणी होतं. हात धुतलेलं. जुनी माणसं जेवण झालं की ताटातच हात धुवायची, तसं. आमच्या घरात बोअरचं पाणी येतं, स्वच्छ. ताटातलं पाणी हिरवट होतं आणि तळाशी बारीक गाळ बसला होता. फरशी कोरडी ठणठणीत. माकडं म्हणाल तर माकडं येतात आमच्याकडे, पण ती हात धुवून जात नाहीत.

मी आधी विलासची नाडी धरली, सवयच ती. आबा मात्र एकेक पाट बघत चालले होते.

"बठ्ठा जेई ग्यात," ते म्हणाले. लग्नघरात पंगत उठल्यावर म्हणावं तसं.

मग शीतलने हाक मारली. स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे मी ताट मांडलंच नव्हतं, तिथे एक ताट होतं. त्यावर दुसरं ताट पालथं झाकलेलं. तिने उघडलं. पुरणपोळी, खीर, गंगाफळ. खीर अजून कोमट होती.

"हाई कोनं शे आबा?" विलासने विचारलं. मला लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडून अहिराणी ऐकू आली.

आबांनी शीतलकडे बघितलं. "पोरनं शे. आमनी माय झाकी ठेवे. बहिनीसकरता. बाप नदीवर जाय तवय."

म्हणजे विलासची आजी. नवरा कानबाई घेऊन नदीवर गेला की माहेरी आलेल्या लेकींसाठी ती गुपचूप एक ताट झाकून ठेवायची. हे विलासलाही माहीत नव्हतं. शीतलने बापाकडे बघितलं. मग ती तिथेच फरशीवर मांडी घालून बसली आणि जेवली. आम्ही उभं राहून बघत होतो. ती रडत होती आणि जेवत होती. जेवण झाल्यावर तिनेही ताटातच हात धुतले.

सगळं पाणी खड्ड्यात ओतलं, पण त्याआधी मी एका ताटातलं बाटलीत भरून घेतलं. जित्याची खोड म्हणा. नाशिकच्या जुन्या मैत्रिणीकडून तपासून घेतलं. ती म्हणाली, तळ्याचं साधं पाणी आहे, शेवाळ आहे, माती आहे, का गं? मी म्हटलं, काही नाही, सहज.

विलासने न राहवून नानांना सांगितलं. आठवडा उलटायच्या आत नाना आणि जाऊबाई गाडी करून हजर. गुडघे बरे झाले होते. फाटकाशीच चपला काढल्या, धक्क्यावर जाऊन डोकं टेकवलं. "आते दरसाल बठ्ठा आठेच करूत," नाना म्हणाले. दरवर्षी सगळे इथेच. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं. याच्यासाठीच तर घर घेतलं होतं ना. मी चहा दिला. तो पिऊन झाल्यावर नाना म्हणाले, "पन पोरनी रोट खादात, ते बरं नही झायं."

"नाना," मी म्हटलं, "ते ताट तुमच्या आजीने वाढलं होतं. तुम्हाला चालत नसेल तर जाऊन तिला सांगा. बोट धक्क्याला बांधलेली आहे."

त्यानंतर दोंडाईचाहून फोन नाही. विलास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचंही बरोबर असेल. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा या घरात पोटभर जेवण गेलं.

त्या थंडीत आबा गेले. तेराव्याला मात्र सगळे आले, फैजपूर, सुरत, सगळे. नानाही आले, माझ्याशी बोलले नाहीत. ट्रक नव्हता, रिझर्वेशन मिळालं. धक्क्यावर उभं राहून फोटो काढले. आबांची राख आम्ही त्याआधीच बोटीतून त्याच पाण्यात सोडली होती.

तुम्ही स्पष्टीकरण विचाराल. माझ्याकडे नाही. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती, ऊन लख्ख होतं आणि आम्ही चौघंही शुद्धीवर होतो, एवढंच सांगू शकते. लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी सँपल पुन्हा मागवलं असतं.

पुन्हा श्रावण आला. आज शनिवार. उद्या कानबाई बसायची आहे. सकाळी मी गहू मोजायला बसले आणि पहिली मूठ शीतलच्या नावाने घेतली. विलास बघत होता. मला वाटलं, आता नको म्हणेल. त्याने डब्याचं झाकण काढून धरलं. मग त्याने स्वतः एक मूठ आबांची टाकली आणि डोळे मिटून पुढची नावं घ्यायला लागला. ताटं किती लागतील ते उद्या बघू. शीतलचं मात्र मी झाकून ठेवणार नाही.