झाकलेला चेहरा, उघडा हात

आधी झलक दाखवतात, कार्यक्रम नंतर. टीव्हीवाल्यांची ही रीत लहान पोरालाही ठाऊक असते. आमच्या मात्र ती डोक्यातच आली नाही.

गुरुवारची संध्याकाळ होती. बसवनगुडीच्या घरात आई टीव्हीसमोर बसून कोसंबरीच्या कोशिंबिरीसाठी मूगडाळ निवडत होती आणि मी चहा गाळत होते. टीव्हीवर कुकरची शिट्टी वाजली, मग लोक हसल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. एका टकल्या व्यंगचित्राच्या डोक्याभोवती लाटणं गरगरत होतं. खाली मोठ्या अक्षरांत कन्नडमधलं यमक होतं. मराठीत सांगायचं तर ‘बायकोचा मार, नवरा बेजार’ असलं काहीतरी. मग क्षणभर एक हात दिसला. कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा डाग, लालसर काळा, कातडी चुरगळलेली. आणि निवेदकाचा आवाज: या रविवारी, चुकवू नका.

आईच्या हातातलं ताट कलंडलं. डाळ भुईवर पसरली.

हात माझ्या मावसभावाचा होता. घरात आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. अण्णाला त्याची बायको मारते. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिते. मी एका बायकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते, आणि तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: ‘मारहाण झाली’ असं लिहायचं नाही, कोणी कोणाला मारलं ते लिहायचं. मग इथे मी का कचरू?

अण्णा पोलिसांत गेला होता. तिथला हवालदार हसला आणि म्हणाला, “सार, जेवायला तरी घालते ना?” त्यानंतर काही पुरुषहक्कवाले काका त्याच्या मागे लागले. त्यांना अण्णा नको होता, बायकांचे कायदे कसे खोटे ते सांगायला एक नवरा हवा होता. आमच्या संघटनेतल्या एक ज्येष्ठ बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे आत्ता बोललीस तर आपली बाजू पडेल गं.” मी म्हटलं, इस्त्री तापल्यावर बाजू विचारत नाही. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी अण्णाच म्हणाला, “एकदा कुणीतरी न हसता ऐकू दे.” म्हणून तो कॅमेऱ्यासमोर बसला.

वार्ताहर तरुण होता, नम्र होता. अण्णाला पाठमोरं बसवलं, डोक्यावर टोपी घातली, आवाज बदलतो म्हणाला. मी दहादा बजावलं, चेहरा दिसता कामा नये. त्याने आईची शपथ घेतली आणि पाळलीही. मुलाखतीत त्याने विचारलं, “लाटणं की झाडू?” अण्णा म्हणाला, “इस्त्री.” तो म्हणाला, “सार, स्वल्प दाखवता? नाहीतर लोक विश्वास ठेवत नाहीत.” अण्णाने बाही वर केली. त्या खोलीत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. चेहरा झाकला की माणूस झाकला, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत. पण चेहरा झाकून माणूस अनोळखी लोकांपासून लपतो. अण्णाला लपायचं होतं ते एकाच व्यक्तीपासून, आणि तो डाग तिनेच दिलेला.

बेत असा होता: शनिवारी वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, एका लग्नासाठी माहेरी हुबळीला जाणार. ती गेली की अण्णा कपडे घेऊन निघणार. कार्यक्रम रविवारी. सगळं जमत होतं.

“फोन कर त्याला,” आई म्हणाली.

“कसा करू? त्याचा फोन आधी ती बघते.”

“ते दोघं आत्ता कुठे आहेत?”

“घरीच. आज दोघांचंही घरूनच काम आहे.”

आई उठली, लुगडं बदललं, देवघरातून कुंकवाचा करंडा घेतला. “चैत्र चालू आहे. हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला जाऊ. आपल्यात ते फोनवर देत नाहीत, आणि करंडा घेऊन दारात आलेल्या बाईला कुणी परत पाठवत नाही.”

अण्णाच्या घरी, जे. पी. नगरला, आम्ही रिक्षाने निघालो. झलक दर जाहिरातीला येणार, हे मला आता कळत होतं. वहिनीने ती आत्ताच पाहिली असेल तर? दार उघडलंच नाही तर?

वहिनीने दार उघडलं. “अय्यो, मावशी! या, या. फोन तरी करायचा!” ती हसतमुख आहे, गोड बोलते, नोकरीत वर चढलेली आहे. तिला पाहून कुणाला काही खरं वाटणार नाही. मला स्वतःला अर्धं वर्ष लागलं.

टीव्ही चालू होता. तीच वाहिनी. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत, पूर्ण बाह्यांच्या शर्टात. मला बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

“दिवेलागण झाली, टीव्ही बंद कर गं,” आई म्हणाली.

“आवाज कमी करते, मावशी. बातम्या राहू देत.”

आई पदर पसरून बरोबर टीव्हीच्या आड उभी राहिली आणि कुंकू लावू लागली. हळद, कुंकू, मग पुन्हा हळद. कपाळ झालं, हात झाले. इतकं सावकाश कुंकू तिने देवघरातल्या देवीलाही लावलं नसेल. तेवढ्यात बारीक आवाजात कुकरची शिट्टी वाजली.

“मावशी, जरा बाजूला होता?”

आई हलली नाही. वहिनीच मान वाकडी करून बघू लागली. लाटणं. टक्कल. हात.

ती हसली. “बघा हो, काय काय दाखवतात! बिचारा.” मग उठली. “पानक आणते, गुळाचं.”

स्वयंपाकघरात ग्लास वाजत होते. मी कान देऊन ऐकत होते. आणखी काही उघडतंय का, काही तापतंय का. अण्णा खुर्चीचा हात धरून बसला होता. तो मला एवढंच म्हणाला, “रविवारी म्हणाले होते ना गं?”

ती पानक घेऊन आली. आईला दिलं, मला दिलं. अण्णाला देताना डाव्या हाताने तिने त्याचं मनगट धरलं, मग हात वर सरकवला आणि बाहीवरून नेमका तिथेच दाबला. हसत. “घ्या ना अहो. गोड आहे.” त्याने दुसऱ्या हाताने ग्लास घेतला. ती सोडेना. त्याच्या कपाळावर घाम फुटला आणि तोंडातून हूं की चूं आलं नाही. इतक्या सवयीने गप्प बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आईने ग्लास खाली ठेवला. “ऊठ रे, आम्हाला रिक्षापर्यंत सोड.”

“मी बुक करते ना, मावशी. दारात येईल.”

“नको. करंडा घेऊन आलेल्या बाईला घरच्या पुरुषाने गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायचं असतं. आमच्याकडची रीत आहे.”

अशी कुठलीही रीत नाही. ना आमच्यात, ना कुणात. वहिनी हुबळीची, आमच्या घरात काय असतं आणि काय नसतं हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं, आणि कपाळावरचं ओलं कुंकू घेऊन घरातल्या मोठ्या बाईला खोटं पाडणं तिच्याही वळणात नव्हतं. ती आईकडे पाहत राहिली. मग तिची बोटं सुटली.

“सरी, बरं,” ती म्हणाली. “लगेच या.”

अण्णा घरातल्याच चपलांवर बाहेर पडला. मागे दार लागल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ती उघड्या दारात उभी होती. मी वळले नाही. माझी हिंमत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. आईने अण्णाला आधी आत ढकललं आणि स्वतः त्याच्या बाजूला बसली, बाहेरून दिसू नये अशी.

रिक्षा वळणावर आली तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने वाचलं आणि मला दाखवलं. वहिनीचा निरोप होता: मावशींकडेच निघालात ना? मी येते तिकडे. इस्त्रीचे कपडे राहिलेत तुमचे.

“घरी नको,” मी म्हणाले. “आई, घरी नको.”

आईने तोंडावर हात ठेवला. रीत शोधून काढणाऱ्या तिला आता काही सुचेना. रिक्षावाला आरशातून बघत होता, कुठे जायचं म्हणून.

अण्णाने फोन बंद केला. मग तो पुढे वाकला आणि रिक्षावाल्याला कन्नडमध्ये म्हणाला, “हेब्बाळ. माझा एक मित्र राहतो तिथे. तिला ते घर माहीत नाही.”

शेवटचं वाक्य त्या रिक्षावाल्याला सांगायची काही गरज नव्हती. पण रिक्षावाला हसला नाही. त्याने मान हलवली आणि गाडी वळवली.